ताता सेवेरोंची नावांची वाट

माझे सासरे सेवेरो कालिसाया यांना सगळा गाव ताता म्हणतो. गावातल्या इतर म्हाताऱ्यांनाही ताताच म्हणतात, पण नुसतं ताता म्हटलं की माणसं आमच्याच घराकडे बघतात. याचं कारण नावं. कार्निव्हलच्या आठवड्यात आमच्या लामांच्या, म्हणजे लांब मानेच्या लोकरी जनावरांच्या, कानांत लोकरीचे गोंडे ओवायचा दिवस असतो, आणि त्या दिवशी राखणदारांची नावं ताता घेतात.

राखणदार म्हणजे आमचे डोंगर, झरे, कोंडवाडे, वाटेवरचे विसाव्याचे दगड. घरच्या कोंडवाड्याच्या दारापासून निघायचं आणि एकेक ठिकाण घेत पार बर्फाच्या शिखरापर्यंत जायचं, मधलं काही गाळायचं नाही. ताता नाव घेतात. ते ठिकाण ज्या घराचं, त्या घरचं माणूस उठून चिचाचे, म्हणजे मक्याच्या दारूचे, दोन पेले जमिनीवर ओततं. मग पुढचं नाव. एकटा पेला कधीच ओतत नाहीत, इथे सगळं जोडीनं. याला नावांची वाट म्हणतात. वाटेत एखादा डोंगर तहानलेला राहिला तर तो वर्षभर रुसतो, आणि रुसलेला डोंगर कोल्ह्याकडे काणाडोळा करतो.

मी मूळची इथली नाही. खालच्या दरीतली, मक्याच्या मुलखातली. रुबेनशी लग्न करून वर आले तेव्हा चूल फुंकायलासुद्धा श्वास पुरत नव्हता. आता पुरतो. पण गावाला मी अजून दरीवालीच. गोंड्यांच्या दिवशीची चिचा माझ्या आईच्या मक्याची असते, रुबेन ट्रकमधून पिंपं भरून आणतो. ती माणसं पितात, डोंगर पितात, आणि मी घागर घेऊन वाढत फिरते. माझं कुठलंच ठिकाण त्या वाटेवर नाही, म्हणून पेला घेऊन उठायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. मला त्याचं काही वाटत नसे. खरं सांगायचं तर वाटत असे, पण ते कुणाला सांगणार? डोंगर काय मी कमरेला बांधून आणायला हवा होता?

गेल्या वर्षीच्या कार्निव्हलला ताता निम्म्या वाटेत थांबले. पांढऱ्या दगडापर्यंत नीट आले, आणि पुढे काहीच नाही. नुसते बघत राहिले. ओठ जांभळे पडलेले, डोळे लाल. शेवटी फाउस्तोने, म्हणजे सासूबाईंच्या भावाने, पुढचं नाव सांगितलं. हळू सांगायचं ना? तर कोंडवाड्याच्या भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं.

"काळं पाणी, दाजी. काळं पाणी. लहान पोरांनाही ठाऊक आहे."

ताता पुढे गेले, पण मग दोनदा अडखळले. त्या वर्षी कोल्ह्याने आमची बरीच पिल्लं नेली. माझ्या मते आमचं कुत्रं म्हातारं झालंय हे त्याचं कारण, पण माझं मत कोण विचारतो. गावात ठरल्यासारखंच झालं की पुढच्या खेपेला पुन्हा असं झालं तर नावं फाउस्तो घेईल. फाउस्तो दर दोन दिवसांनी येऊन तातांच्या तब्येतीची चौकशी करू लागला. इतकी काळजी त्याने स्वतःच्या बायकोचीही कधी केली नाही.

तातांचं मात्र बिघडतच चाललं. रात्र रात्र झोप नाही, दिवसा डुलक्या. डोकं दुखतं, कान वाजतात. चूल पेटवायला काडेपेटी घेऊन जायचे आणि विहिरीपाशी सापडायचे. एकदा मला विचारलं, "पोरी, तू कुणाच्या घरची?" मी म्हटलं, "तुमच्याच, ताता." तर म्हणाले, "बरं झालं. चांगली दिसतेस." मी हसले आणि मागच्या दारी जाऊन रडले.

मग शहरातून डॉक्टर इव्हेत आली. तरुण, बारीकशी, आमच्या आरोग्यकेंद्रात उतरलेली. इतक्या उंचावर जन्म काढलेल्या माणसांना रोज थोडा जास्तीचा ऑक्सिजन दिला तर त्यांची स्मरणशक्ती सुधारते का, हे तिला बघायचं होतं. तातांच्या बोटाला तिने ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, रक्त काढलं, आणि आम्हाला समजेल असं सांगितलं.

"इथे हवा विरळ आहे. म्हणून शरीर रक्त वाढवत राहतं. काहींच्या बाबतीत ते थांबतच नाही, रक्त घट्ट होत जातं आणि डोक्यापर्यंत धड पोहोचत नाही. खरं औषध एकच, खाली राहायला जा. निदान थंडीचे महिने तरी."

"माझी आई आहे ना खाली," मी लगेच म्हटलं. "एक खोली रिकामीच आहे."

तातांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना तुरुंगात पाठवतेय. "तिथे जाऊन मी काय करू? तिथल्या एका तरी डोंगराची आणि माझी ओळख आहे का? सकाळी उठून कुणाचं नाव घेऊ?"

"नाव नका घेऊ, नुसता श्वास घ्या," डॉक्टर म्हणाली.

"बाई, नाव न घेता श्वास घेणं लामाही करतात."

मग तिने परीक्षा घेतली. शब्द वाचून दाखवायची आणि थोड्या वेळाने विचारायची. छत्री, जहाज, पोपट, शिडी, असे बरेच. तातांनी खूप आठवून सांगितलं, "छत्री. आणि दुसरं काहीतरी पाण्यातलं." फाउस्तो खिडकीत उभा राहून ऐकत होता. मी जाऊन खिडकी लावून घेतली.

नाताळच्या सुमारास मशीन घरात आलं. साधारण गॅसच्या सिलिंडरएवढं, चाकांवरचं. विजेवर चालतं, खोलीतलीच हवा ओढून घेतं आणि तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढून नळीतून नाकात सोडतं. झोपताना लावायचं आणि दुपारी थोडा वेळ. इथे नाताळात उन्हाळा असतो, तो संपला की मशीन परत न्यायचं. डॉक्टरने बजावलं होतं, "हे सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. फार आशा धरू नका."

पहिल्या रात्री सासूबाईंनी अंथरूण दुसऱ्या खोलीत नेलं. "माझा नवरा घोरतो ते मला सवयीचं आहे," त्या म्हणाल्या. "पण ही दुसरी जी आत आलीय, ती रात्रभर घुरघुरते. दोघींनी एका खोलीत राहणं मला जमायचं नाही."

पंधरवडा गेला आणि ताता झोपू लागले. मग ओठांचा रंग पालटला. आणि मग एक दिवस पत्त्यांच्या डावात ताता मला फसवताना सापडले. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. माझ्या हातातली पानं लक्षात ठेवायची, आपलं पान मांडीखाली दडवायचं आणि वर भोळा चेहरा करायचा, याला डोकं लागतं. मी मुद्दाम हरले.

सासूबाईंचं सुख मात्र गेलं. "विसरभोळा होता तेच बरं होतं गं, देल्मिरा," त्या चुन्यो, म्हणजे गोठवून सुकवलेले बटाटे, भिजत घालताना म्हणाल्या. "लग्नाच्या वर्षी मी याचा पोंचो नदीत धुवायला नेला आणि वाहून गेला, तेही आता याला आठवतंय."

"लाल काठाचा होता," आतून ताता म्हणाले.

"बघ. कानही परत आले."

डॉक्टर पुन्हा आली, नवे शब्द घेऊन. तातांनी जवळपास सगळे सांगितले, आणि वर म्हणाले, "त्या पोपटाचं काय झालं?" डॉक्टर हसता हसता खुर्चीतून पडायची राहिली. पण मी तिला दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हणाली, "मशीन आहे तोवर हे आहे. नंतरचं मला सांगता येत नाही."

खरी अडचण पुढेच होती. पत्ते आठवतात, पोपट आठवतो, पण नावांची वाट आठवते का? ते तपासायची सोयच नव्हती. राखणदाराचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि चिचा द्यायची नाही, म्हणजे पाहुण्याला दारात बोलावून पाणीही न विचारणं. तसा अपमान कुणी करत नाही. त्यामुळे नावांचा सराव नसतो. ती मनात असतात किंवा नसतात, आणि कोणत्या वेळी काय, ते त्या दिवशीच कळतं. तातांनाही ठाऊक नव्हतं. दुपारी नाकात नळी लावून डोळे मिटून पडत तेव्हा ओठ हलायचे आणि एका जागी थांबायचे. ते थांबले की माझा हातही चुलीवर थांबायचा.

याच दुपारच्या वेळांत त्यांनी एक नवीनच खूळ काढलं होतं. मी बटाटे सोलत बसले की नळी ओढत जवळ यायचे, चहाचा कप घेऊन बसायचे आणि माझ्या माहेरची चौकशी करायचे.

"तुझ्या आईच्या दारातून बाहेर पडलं की आधी काय लागतं?"

"मोल्येचं झाड, ताता. त्याच्या बुडाशी झरा आहे."

"झऱ्याला नाव असेल."

"मोल्ये पुख्यू."

"पुढे?"

"पुढे मक्याचा मळा. सारा पाता. आणि मग डोंगर. पुका मोको. लाल आहे, बुटका."

"मळ्यातून एकदम डोंगर? मधे काहीच नाही? उडत जाता काय तुम्ही लोक?"

मग मला आठवायचं की मधे एक ओढा आहे, ओढ्यावर एक मोठा दगड आहे आणि लहानपणी आम्ही त्यावर बसून शेंगा खायचो. बसक्या दगड. ताता मान हलवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच प्रश्न. मला वाटायचं, कालचं विसरले. आणि दर वेळी चहा सांडायचे. मी नाव सांगितलं की हात हलायचा आणि चहाचे थेंब जमिनीवर. "ताता, आत्ता सारवलीय जमीन," मी वैतागून म्हणायचे. "हात कापतो गं," ते म्हणायचे. मी फडकं घेऊन पुसायचे. डोकं सुधारतंय आणि हात गेला, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कार्निव्हल आला. मंगळवारी घरातल्या प्रत्येक कामकरी वस्तूला पाजायचं असतं. घराचे कोपरे, नांगर, रुबेनचा ट्रक, गॅसची शेगडी, माझं शिवणयंत्र. रंगीत कागदाच्या झिरमिळ्या गुंडाळायच्या, कागदाचे तुकडे उधळायचे, बिअर शिंपडायची आणि म्हणायचं, वर्षभर राबलास, आता पी. आम्ही सगळं उरकून खोलीत आलो तर मशीन एकटंच कोपऱ्यात घुरघुरत होतं.

"आणि ही?" ताता म्हणाले. "हिच्याइतकं या घरात कोण राबलंय?"

कुणी नाही म्हणालं नाही. कसं म्हणणार? सणाच्या दिवशी राबणाऱ्याला उपाशी ठेवणारं आमचं घर नाही. सासूबाई तिला सवत म्हणायच्या, पण तिच्या गळ्यात झिरमिळ्या त्यांनीच घातल्या. मी कागदाचे तुकडे उधळले. रुबेनने चारही चाकांवर बिअर शिंपडली. आणि तातांनी, मन भरून आलं म्हणून, वरच्या जाळीतून अर्धी बाटली आत ओतली.

मशीनने एक ढेकर दिला. मग खरखर झाली, जळका वास आला आणि ते गप्प झालं. तेव्हा कुठे आम्हाला समजलं की आम्ही काय केलं. पुढे शहरात ते उघडलं तेव्हा आतून रंगीत कागद निघाले म्हणे, आणि डॉक्टरला तिच्या वरिष्ठांना ते समजावून सांगताना नाकी नऊ आले. पण ते पुढचं. त्या क्षणी आम्ही चौघं एका मेलेल्या यंत्राभोवती केसांत कागदाचे तुकडे घेऊन उभे होतो. गोंड्यांचा दिवस शनिवारी होता.

"दारू चढली असेल," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "सकाळी उठेल."

सकाळी ते काही उठलं नाही. शुक्रवारी ताता डोकं दुखतंय म्हणाले. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते आणि ते माझी नजर चुकवत होते.

शनिवारी ऊन चांगलं होतं. कोंडवाड्यात कापड अंथरलं, कोकाची पानं मांडली. पुरुष दगडी बाकावर, बायका जमिनीवर, लामा मधे दाटीने उभे. फाउस्तो नवी टोपी घालून तातांच्या अगदी शेजारी बसला होता. मी घागर घेतली.

ताता उभे राहिले आणि निघाले. कोंडवाड्याचं दार. चुलीमागचा कोपरा. जुना कोंडवाडा, जिथे त्यांची आई लामा बांधायची. एकेक घर उठत होतं, ओतत होतं, बसत होतं. आवाज ठाम नव्हता, पण पाऊल चुकत नव्हतं. पांढरा दगड आला. मी वाढायची थांबले.

"काळं पाणी," ताता म्हणाले, जणू ते कधी विसरलेच नव्हते. फाउस्तोने उघडलेलं तोंड मिटलं.

तिथून पुढे ते चढत गेले. लाल खिंड, गिधाडाची कपार, दोघी बहिणी. धाप लागली की थांबायचे, पान चघळायचे, पुन्हा निघायचे. शेवटी बर्फाचं शिखर आलं. त्याला सगळ्यांनी मिळून ओतलं. वाट संपली. मला इतकं हलकं वाटलं की मी घागर खाली ठेवून दिली. जिंकलं म्हाताऱ्याने. नाक मोकळं, नळी नाही, तरी जिंकलं.

पण ताता बसले नाहीत. उभेच. कपाळाला आठ्या, डोळे मिटलेले. लोक चुळबुळू लागले.

"दाजी, झालं," फाउस्तो म्हणाला. "शिखर झालं. त्याच्या पुढे काही नाही. बसा आता." आणि बाकीच्यांकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं.

"फाउस्तो," सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या तोंडात पानं कमी झाली वाटतं." आणि खरोखरच उठून त्याच्या हातात मूठभर कोंबली.

ताता डोळे न उघडता बोलू लागले. अगदी सावकाश, अंधारात जिना उतरणाऱ्यासारखं एकेक.

"मोल्ये पुख्यू," ते म्हणाले. "सारा पाता. बसक्या दगड. पुका मोको."

गावात कुणालाच ती ठिकाणं माहीत नव्हती. सगळे एकमेकांकडे बघू लागले, कोण उठतंय ते. मीही बघू लागले. मला समजलंच नाही. नावं माझी, पण ती इथे, या उंचावर, या माणसांच्या मधे ऐकायची सवयच नव्हती. आणि मग एकदम तो सांडलेला चहा आठवला. रोजचा, माझ्या सारवलेल्या जमिनीवरचा.

सासूबाईंनी चारही ठिकाणांसाठी मिळून दोन पेले भरले आणि माझ्या हातात दिले. "ऊठ गं," त्या हळूच म्हणाल्या. "तुझा डोंगर किती वर्षांचा तहानलेला आहे. पहिल्या भेटीत चहावर भागवलं त्याने, आता खरं काहीतरी दे."

मी उठले. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. पहिला पेला ओतला तो निम्मा माझ्याच पायावर सांडला. माझ्या आईच्या मक्याची चिचा, माझ्या आईच्या डोंगराच्या नावाने.

फाउस्तोला राहवलं नाही. "पण दाजी, तो खालचा बुटका डोंगर आमच्या लामांना काय राखणार?"

"लामांना नाही," ताता म्हणाले आणि बाकावर टेकले. ओठ पुन्हा जांभळे होऊ लागले होते, पण तोंडभर हसत होते. "थंडीत मी तिकडे राहायला जातोय. मला राखेल. आता ओळख झाली आमची."

सगळं जोडीनं असतं. दुसरा पेला मी नीट ओतला, एक थेंबही पायावर पडू दिला नाही.